जडेजा हिंदीत बोलला, तर ऑस्ट्रेलियन पत्रकारांना मिरच्या का झोंबल्या?

सिलीपॉइंट (धागाकर्ता)
बॉक्सिंग डे कसोटी (२६ डिसेंबरपासूनची मेलबर्नची भारत-ऑस्ट्रेलिया मॅच) म्हटलं की मला मॅचआधीचा तमाशाच आधी आठवतो. २१ डिसेंबर २०२४, मेलबर्न. जडेजा पत्रकारांसमोर बसला, भारतीय पत्रकारांना हिंदीत उत्तरं दिली आणि संघाची बस थांबली आहे म्हणून उठला. ऑस्ट्रेलियन पत्रकारांना इंग्रजीत प्रश्न विचारता आला नाही. झाला बोभाटा! ही परिषद दौऱ्यावरच्या भारतीय पत्रकारांसाठी होती, असं आपल्या संघाचं म्हणणं.

आता गंमत बघा. नोव्हेंबरात तिथल्याच न्यूज कॉर्पच्या पेपरांनी कोहलीचा भलामोठा फोटो टाकून 'युगों की लड़ाई' असा हिंदी मथळा छापला होता. जयस्वालला तर पंजाबी मथळा. (भदोहीचा पोरगा, मुंबईत वाढला. पंजाबी कुठून आली देव जाणे!) अंक खपवायला हिंदी चालते, मग जडेजाच्या तोंडी का खुपते?

यारा_काठी
मी मेलबर्नला असते, म्हणून लिहिते. हिंदीचं सोडा हो. माणूस समोर बसला आणि तुमचा प्रश्न न घेताच उठला, तर राग येणारच. इथे हरलेला कोचसुद्धा मॅचनंतर पत्रकारांसमोर येतो. २०२२ मध्ये कॅनबेरा रेडर्स या रग्बी लीग संघाचा कोच रिकी स्टुअर्ट पेनरिथकडून हरल्यावर परिषदेत भडकला, समोरच्या संघातल्या खेळाडूला चक्क कुत्रा म्हणाला. २५ हजार डॉलर दंड आणि आठवडाभर बंदी झाली. पण आला होता ना समोर?

आणि मुद्द्याचं म्हणजे जडेजा त्या दिवशी अश्विनच्या निवृत्तीवर बोलला. दिवसभर सोबत होतो तरी पत्ता लागू दिला नाही, अश्विनच्या निवृत्तीच्या परिषदेच्या पाच मिनिटं आधी कळलं, असं. मालिकेतली मोठी बातमी होती ती. दोन मिनिटं इंग्रजीला दिली असती तर काय बिघडलं असतं? टेनिसच्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये खेळाडू आधी इंग्रजीत बोलतात, मग आपापल्या भाषेत. कुणाचं काही अडत नाही.

गल्लीतला_गावसकर
ताई, कोचने शिवी घातली हा मोकळेपणाचा पुरावा झाला होय? धन्य!

दोनच दिवस आधी मेलबर्न विमानतळावर काय झालं तेही सांगा की. चॅनल सेव्हनवाले ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज बोलंडची मुलाखत घेत होते. कोहली कुटुंबासह दिसला, कॅमेरे वळले तिकडे. मुलांचं चित्रीकरण नको, एवढंच त्याचं म्हणणं. मग 'कोहली भडकला' ही बातमी. अशा लोकांना प्रश्न विचारायला कोण देईल?

यारा_काठी
मुलांबाबत कोहलीचं बरोबरच होतं. पण विमानतळावरचा राग जडेजाच्या परिषदेत का काढायचा? तिथे बसलेले बहुतेक जण रोज क्रिकेटच लिहिणारे.

जुना_वार्ताहर
जिल्हा दैनिकात क्रीडा पान लावण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. अशा परिषदांत 'शेवटचा प्रश्न' झाला की आमच्यासारख्यांचा हात वरच राहायचा. त्यामुळे ऑस्ट्रेलियन मंडळींचं दुःख मला कळतं, पण त्यांना ते नवीन वाटलं याचं हसू आलं. त्या दिवशी काही भारतीय पत्रकारांचेही प्रश्न राहिले होते, ते कुणी मथळ्यात घेतलं नाही.

जडेजाला यात ओढू नका. परिषद कुणासाठी, किती वेळ, कुठल्या भाषेत, हे संघाच्या माध्यम व्यवस्थापकाने आधी सांगायचं असतं. फक्त भारतीयांसाठी होती तर इतरांना आत का बसवलं? याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. आणि वाद चिघळला किती, तर दोन्हीकडच्या पत्रकारांचा मैत्रीपूर्ण सामनाही भारतीय पत्रकारांच्या बहिष्कारामुळे रद्द झाला.

सिलीपॉइंट
व्यवस्थापक चुकला, मान्य. पण तिथल्या माध्यमांना लगेच साधू ठरवू नका. महिन्याभरात त्याच शहरात, ऑस्ट्रेलियन ओपनच्या वेळी, चॅनल नाइनच्या निवेदकाने सर्बियन प्रेक्षकांची थेट प्रक्षेपणात टर उडवली. सर्बियाच्या जोकोविचने कोर्टवरची मुलाखतच नाकारली आणि माफी मागायला लावली. चॅनल आणि निवेदक दोघांनी मागितली. जडेजाने तर उत्तरं दिली होती, फक्त त्यांच्या भाषेत नाही.

यारा_काठी
जोकोविचने नंतर चॅनलचं नाव घेऊन नकाराचं कारण तरी सांगितलं. इथे कारण काय, तर बस! त्या बॉक्सिंग डे कसोटीला पाच दिवसांत ३,७३,६९१ लोक आले, एमसीजीचा (मेलबर्न क्रिकेट मैदानाचा) विक्रम. त्यात आपलीच माणसं ढीगभर. आमची इथे जन्मलेली पोरं हिंदी वाचत नाहीत, ती इंग्रजी पेपरच वाचतात. त्यांच्यापर्यंत जडेजा पोचलाच नाही.

गल्लीतला_गावसकर
पोरांना हिंदी शिकवा मग. किंवा मराठी शिकवा, रोहितला विचारता येईल.