रिदम हाऊस : तुम्ही तिथून काय काय आणलंत?

माळ्यावरची: माळा आवरताना कॅसेटच्या खोक्यात रिदम हाऊसची पिशवी निघाली. आत बिल, शाई पार उडालेली. नवरा म्हणाला टाक. मी धागा काढतेय.
मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीसमोरचं ते कोपऱ्यावरचं गाण्याचं दुकान १९४८ पासूनचं, फेब्रुवारी २०१६ अखेर बंद झालं. मला खरं वेड होतं ते ऐकायच्या बूथचं. काचेचं दार ओढून घ्यायचं, हेडफोन चढवायचे, बाहेर कोणीतरी ताटकळतोय, त्याच्याकडे पाठ करायची. काही न घेता निघालं तरी तिथे कोणी तोंड वाकडं केलं नाही. महिनाअखेरीला हे फार मोठं होतं हो. लिहा तुमचंही.

चहाबाज: घ्यायचे लोक? आम्ही एसीला जायचो. 😄

लोकलकर: बाबांना बंदिशीचे शब्द आठवेनात, नुसती चाल डोक्यात. भर गर्दीत काउंटरवर गुणगुणून दाखवली, मी लाजेने तिसरीकडेच बघतोय. बाबा म्हणे, भूप राग आहे. तो माणूस शांतपणे, 'भूप नही साब, देशकार है', आणि दोन कॅसेट काढून समोर ठेवल्या. स्वर तेच, पण देशकारात धैवतावर, म्हणजे 'ध'वर जोर. बाबा परतीच्या गाडीत व्हीटी ते ठाणे एवढंच बोलत होते. आता अॅप मला 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणून काय वाट्टेल ते ऐकवतं.

नानाआजोबा: १९४८ म्हणजे ७८च्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांचा काळ. लाखेच्या असत, पडली की तुकडे. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, त्यात ख्याल बसवायचा. एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, अमेरिकेत आली तीही १९४८लाच. म्हणजे या दुकानाने तबकडी, एलपी, कॅसेट, सीडी सगळं विकलं. फोनपुढे मात्र कोणाचं काय चालणार. सुनेने हाक मारली, नंतर लिहितो.

माळ्यावरची: नाना, नक्की लिहा!!

कोथरूडची_मी: आमचं पुण्याचं कर्वे रोडचं अलूरकर म्युझिक हाऊस विसरू नका. ते नुसतं विकत नव्हते, स्वतः कॅसेट काढायचे. पुलंचं कथाकथन आमच्या घरात तिथूनच आलं.

चहाबाज: आलं पुणं. अजून कसं आलं नाही म्हणतच होतो.

कोथरूडची_मी: दुपारी एक ते चार येणार नव्हते, म्हणून आत्ता आले.

बटाटेवडा: 😂😂 चेतनाची थाळी कोणाला आठवते का? रिदम हाऊसपासून चालत.

सायंतारा: बटाटेवडा, थाळी आणि वेसाइड इन हॉटेलसुद्धा. कवी अरुण कोलटकर बसायचे तिथे. तेही गेलं.

हिशेबनीस: पुढचं रामायण माहितीय ना? जागा नीरव मोदीच्या कंपनीने घेतली, २०१८ मध्ये ईडीने जप्ती आणली. गाण्याच्या दुकानावर ईडीची नोटीस! २०२४ मध्ये सोनम कपूरच्या सासरच्यांच्या कंपनीने साधारण ४८ कोटींना घेतल्याचं छापून आलं. तेवढ्यात किती कॅसेट आल्या असत्या?

लोकलकर: टी-सिरीजच्या घेतल्या तर दक्षिण मुंबई झाकली असती.

परदेशस्थ_पक्या: न्यू जर्सीहून. इथे एलपी परत फॅशनमध्ये. मुलीने हौसेने घेतली, लावायला प्लेअर नाही, भिंतीवर टांगलीय. मी गप्प. आमच्याकडे अख्खी चाळ एका टेपवर ऐकायची, आणि कोणी फॉरवर्ड दाबलं की वरून ओरडा. फॉरवर्डने टेप खराब होते असं आजीचं मत.

सायंतारा: आमच्याकडे पॉझने व्हायची 😅

माळ्यावरची: बरं, धागा भरकटतोय तर माझंही काम करून घेते. टेपरेकॉर्डर लावला, चाकं फिरतात पण आवाज गोगलगायीसारखा. ठाण्याच्या आसपास कोणी दुरुस्त करतं का?

हिशेबनीस: बेल्ट सैल झाला असणार. रबराचा असतो, बदलून मिळतो. लॅमिंग्टन रोडला विचारा. आणि तोवर चांगली कॅसेट घालू नका, गिळेल.

माळ्यावरची: आधीच गिळलीय. मिस्टरांच्या गझला होत्या, चालतंय.