आठ दिवसांनी काय उरलं?

सिनेमा संपल्यावर पार्किंगमध्ये जे मत तयार होतं, त्यावर माझा आता विश्वास राहिलेला नाही. गाडी काढेपर्यंत मी 'जबरदस्त' म्हणत असतो, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये त्याचं 'बरा होता' होतं आणि घरी बायकोला गोष्ट सांगायला बसलो की मलाच त्यातली भोकं दिसायला लागतात.

मी समीक्षक वगैरे नाही, विम्याच्या कचेरीत फायली हलवतो. पण दोन वर्षांपासून एक वही ठेवली आहे. सिनेमा पाहिला की त्या रात्री फक्त नाव आणि तारीख लिहायची. मत लिहायचं आठ दिवसांनी, तेही जे आपोआप डोक्यात राहिलं तेवढंच. गंमत म्हणजे बऱ्याच पानांवर नाव आहे आणि खाली कोरं. तीनशे कोटींचे सिनेमे कोरे आहेत. उलट 'लापता लेडीज'च्या खाली लिहिलंय: "स्टेशनवरचा चहाचा ठेला. मंजूमाई. कलाकंद." नवऱ्या बदलल्या, पोलीस स्टेशन झालं, रविकिशनने पान चघळत धमाल केली, ते सगळं विरून गेलं. मंजूमाई झालेली छाया कदम त्या ठेल्यावर उभी आहे ती आहेच.

तर तुम्हीही लिहा. नवा सिनेमा, देशी-विदेशी कुठलाही. गोष्ट सांगू नका, तारे वाटू नका. कुठे पाहिला, कोणाबरोबर पाहिला आणि आठ दिवसांनी काय उरलं, एवढंच.

नाइट ड्युटी

छाया कदमचं नाव काढलंत म्हणून लिहिते. मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयात ३४ वर्षं नर्स होते, आता निवृत्त. 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' मुलीने दाखवला. फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत ३० वर्षांनी भारतीय चित्रपट गेला, २०२४ चं ग्राँ प्री मिळालं, वगैरे ती रिक्षात सांगत होती. मला उत्सुकता एवढीच की नर्सा कशा दाखवल्यात. हिंदी सिनेमातली नर्स म्हणजे ट्रे घेऊन येते आणि 'मुबारक हो' म्हणून जाते.

तर या खऱ्या आहेत. ड्युटी संपल्यावर चेहरा कसा होतो ते दिग्दर्शिका पायल कपाडियाला कोणीतरी नीट दाखवलेलं दिसतंय. आमच्या हॉस्टेलवर निम्म्या मुली केरळच्या. त्यांचं आपापसात मल्याळम, पेशंटशी हिंदी, मामांशी मराठी; सिनेमातही तसंच चालतं, कोणी थांबून समजावत बसत नाही.

उरलाय तो कुकर. प्रभाचा नवरा जर्मनीत आहे, कित्येक दिवसांत फोनसुद्धा नाही आणि एक दिवस खोकं येतं, त्यात लालभडक राइस कुकर. रात्री ती त्याला मिठी मारून जमिनीवर बसते. मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. मला माझी एक मैत्रीण आठवली. नवरा आखातात, वर्षातून एकदा कोणाबरोबर तरी पावडरचे डबे, साबण, सुगंधी तेल पाठवायचा. तिने एकही डबा फोडला नाही. ट्रंकेत रचून ठेवले होते, खोली बदलली तेव्हा ती ट्रंक आम्ही चौघींनी उचलली.

छायाची पार्वती रुग्णालयात स्वयंपाक करते. गिरणी कामगाराची बायको. खोलीत वर्षानुवर्षं राहिली, पण कागद नाही म्हणून बिल्डर उठवतो. शेवटी रत्नागिरीला परत. तिथून पुढे सिनेमा फार सावकाश होतो, गुहेपर्यंत मला डुलकी लागली. खोटं कशाला बोलू?

बाबा एके बाबा

'सैयारा'. मुलीबरोबर. ती दुसऱ्यांदा बघत होती आणि तरीही इंटरव्हलच्या आधीच रडायला सुरुवात. मी तिच्याकडे बघत होतो, पडद्याकडे नाही. आठ दिवसांनी उरलं ते एवढंच की तिने माझा रुमाल परत दिला नाही.

एक-दोन-तीन मोजा

सांगलीजवळ भौतिकशास्त्र शिकवतो. 'ओपनहायमर' जुलै २०२३ चा, म्हणजे फार नवा नाही, पण माझे आठ दिवस अजून संपलेले नाहीत.

पहिल्या अणुबॉम्बच्या चाचणीचा स्फोट होतो, त्या प्रसंगात दिग्दर्शक नोलनने आवाज काढून टाकलाय. पडदा आगीने भरतो आणि कानाला फक्त श्वास. आमच्या थिएटरात लगेच एक शिट्टी, मग "ए, आवाज गेला रे!" दोघं-तिघं मागे वळून प्रोजेक्टरच्या खिडकीकडे बघू लागले. तेवढ्यात तो दणका आला आणि शेजारच्या माणसाचं पॉपकॉर्न माझ्या मांडीवर.

मुलांना मी दर पावसाळ्यात सांगतो, वीज चमकली की सेकंद मोजा, तीनाने भागा, तितके किलोमीटर. खऱ्या चाचणीत, १६ जुलै १९४५ च्या पहाटे, सगळ्यात जवळचे निरीक्षक नऊ-साडेनऊ किलोमीटरवर होते. म्हणजे उजेड दिसल्यावर आवाज पोहोचायला जवळजवळ अर्धा मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात तिथे उभ्या असलेल्यांनी काय केलं असेल, हे मी वीस वर्षं शिकवत असून माझ्या मनात आलं नव्हतं. पुस्तकात ते उदाहरण असतं, दोन गुणांचं.

शेवटचा तास कंटाळवाणा आहे असं सगळे म्हणतात. ओपनहायमरची चौकशी, बंद खोली, टेबल, जुनी पत्रं, कोण कधी कोणाला भेटलं. ज्याची खातेनिहाय चौकशी झालीय त्याला विचारा. माझी झालीय, एका परीक्षेच्या गठ्ठ्यावरून, पुढे दोषमुक्त. तुमच्यासमोर तुमचाच सहकारी खाली बघून साक्ष देतो, तेव्हा घाम कुठून सुटतो ते नोलनला नक्की माहीत आहे.

अकरा वेळा पोहे

मी यवतमाळकडची. 'स्थळ' पाहिला नवऱ्याबरोबर, मार्च २०२५ मध्ये, महिला दिनाच्या आसपास. टोरांटोच्या महोत्सवात त्याला २०२३ लाच पुरस्कार मिळाला होता, आमच्यापर्यंत यायला इतका वेळ. थिएटरात नऊ माणसं, त्यातली दोन चुकून आलेली.

माझे अकरा कार्यक्रम झाले. अकरा वेळा पोहे. शेवटी शेवटी आई त्यात शेंगदाणे टाकेनाशी झाली; म्हणायची, हे काई हो म्हणणारे दिसत नाही बाप्पा. नाव सांग, शिक्षण सांग, उंची सांग. उंची सांगितली तरी त्यांच्यातली एक बाई उठून माझ्याशेजारी उभी राहायची, खात्री करायला. छंद विचारले की मी 'वाचन' म्हणायची. काय वाचता, हे अकरांपैकी एकानंही विचारलं नाही.

जयंत सोमलकरांनी हा सिनेमा चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, आपल्याच गावात, गावातल्याच लोकांना घेऊन केलाय. त्यामुळे कोणी 'ग्रामीण' बोलत नाही, सगळे नुसते बोलतात. टीव्हीवर वऱ्हाडी बोली म्हटलं की लोकांना हसवायलाच असते, इथं तिच्यात माणसं काळजी करतात, कापसाच्या भावाची, पोरीच्या लग्नाची. सुरुवातीलाच सगळं उलटं होतं: मुलगी बघायला गेलीय आणि प्रश्न मुलाला. सगळे नऊजण हसले, माझा नवरा सगळ्यात मोठ्यानं. मग तेच प्रश्न सरळ बाजूनं सुरू झाले. एकदा, दोनदा, तीनदा, त्याच क्रमानं. तिसऱ्यांदा कोणी हसलं नाही.

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "मीही उंची विचारली होती का?" मी म्हटलं, तू नाही, तुझ्या काकानं. आठ दिवसांनी उरलं ते हे. त्यानं अजून दोनदा विचारलंय.

पेटारा

'दशावतार' बघूक आमी कुडाळाक गेलंव, घरातली सात माणसां. बाकीचां मराठीत लिवतंय, नायतर कोणाक कळाचा नाय.

माझे आजोबा एका दशावतारी कंपनीत पखवाज वाजवायचे. जत्रेत पालखी फिरून आली की उशिरा नाटक उभं राहायचं, ते पहाटेपर्यंत. हातात संहिता नाही. आज कुठलं आख्यान ते ठरलं की ज्याने त्याने आपली भाषणं रंगमंचावरच रचायची. तोंड रंगवायचं तेही स्वतःच, पेटाऱ्यावर आरसा टेकवून. दिलीप प्रभावळकर वयाच्या ८१ व्या वर्षी बाबुली मेस्त्री झालेत आणि रंग लावताना ते गाल आतून फुगवून धरतात तेव्हा माझी आई म्हणाली, "अप्पा असेच बसायचे."

मध्यंतरानंतर गाडी नेहमीच्या सूडाच्या रस्त्याला लागते. खलनायक, खाण, हाणामारी. वाईट नाही, पण असं पन्नास वेळा पाहिलंय. मला तो पहिला तास पुरला असता. रात्रभर जागवणारा माणूस सकाळी बसची वाट बघत उभा राहतो, त्याचा सिनेमा अजून कोणीतरी करायला हवा.

दुसरी घंटा

एक शंका. मराठी सिनेमाला सकाळी पावणेदहाचा किंवा दुपारी सव्वातीनचाच खेळ का मिळतो? नोकरी करणाऱ्याने आठ दिवस थांबायचं म्हटलं तर सिनेमा उतरलेला असतो. तुमच्या वहीचा नियम इथे चालत नाही हो.

श्टुटगार्टकर

इथे थिएटरात बहुतेक परदेशी सिनेमे जर्मनमध्ये डब होऊन येतात. 'कॉनक्लेव्ह' मी तसाच पाहिला, त्यामुळे रेफ फाइन्सचा चेहरा आणि आवाज दुसऱ्याच कुणाचा. मध्यंतर नाही, शिट्ट्या नाहीत. माणसं नावं संपेपर्यंत बसून राहतात.

पोपची निवडणूक म्हणजे काहीतरी दिव्य असेल अशी समजूत होती. बघतो तर आमच्या गावच्या सहकारी बँकेची निवडणूक! तेच पॅनेल, तीच जेवणाच्या टेबलावरची कुजबुज, 'मला पद नको' म्हणणाऱ्याकडेच सगळ्यांचं लक्ष आणि ऐन मतदानाआधी बाहेर येणारं जुनं लफडं. फक्त फेटे लाल. मी एकटाच हसत होतो, शेजारच्या आजींनी दोनदा वळून पाहिलं.

लक्षात राहिल्या त्या छत्र्या. पांढऱ्या छत्र्या घेऊन लाल झग्यातले म्हातारे चौक ओलांडतात, वरून घेतलेलं दृश्य. पुढे एप्रिल २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस खरेच गेले, मे महिन्यात खरी निवड झाली आणि बातम्या बघताना मला पोप निवडल्याची खूण म्हणून सोडतात त्या धुरापेक्षा त्या छत्र्यांची आठवण येत होती. शेवटचं वळण मात्र मला पटलं नाही. ते का, हे तुमच्या नियमामुळे सांगता येत नाही.

चौथी रांग

'छावा', साताऱ्यात, पहिल्या रविवारी. शेवटच्या वीस मिनिटांत पडद्याकडे बघवत नव्हतं, पुढे एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा ढसाढसा रडत होता आणि त्याचा बाप त्याला उचलून बाहेर नेत होता. संपल्यावर गर्जना झाली, आम्ही सगळे उभे. हे त्या दिवसाचं. आठ दिवसांनी तपासलं तर माझ्या डोक्यात अक्षय खन्नाचा औरंगजेब, हळू बोलणारा, थकलेला. संगीत काही केल्या सतराव्या शतकात बसेना. घरात यावरून भांडण झालेलं आहे, इथे नको.

सावली

'परफेक्ट डेज'. दिग्दर्शक विम वेंडर्स, शहर टोकियो, सार्वजनिक संडास साफ करणारा हिरायामा. कोजी याकुशोला कानमध्ये अभिनयाचं पारितोषिक मिळालं २०२३ ला. तो रोज सकाळी अंथरुणाची घडी घालतो, दार उघडून आकाशाकडे बघतो, कॅनमधली कॉफी घेतो, गाडीत जुनी कॅसेट लावतो. दुपारी झाडाखाली बसून पानांतल्या उजेडाचा फोटो. बस. लॅपटॉपवर एकटीने पाहिला, तेव्हा नोकरी सुटली होती. दुसऱ्या दिवसापासून मी अंथरुणाची घडी घालायला लागले. अजून घालते.

सुपरवायझर

वरच्या ताई, तुमचं बरोबरच असेल, पण माझं ऐका. ठाण्यात एका मोठ्या इमारतीचं हाउसकीपिंग बघतो. तुमचा हिरायामा एक छोटा आरसा घेऊन भांड्याची खालची कड तपासतो, ते बघून मी सिनेमा थांबवला. असा आरसा मी बारा वर्षांत कोणाकडे पाहिला नाही. शिबुयामधले ते १७ संडास तादाओ आंदोसारख्या नामवंत वास्तुरचनाकारांनी उभे केलेत, कुठे भिंती काचेच्या. आमच्याकडे हातमोज्यांची जोडी महिन्याला एक आणि ती दहाव्या दिवशी फाटते. मग माणूस आकाशाकडे बघत नाही, घड्याळाकडे बघतो.

आमच्या मावशींना मोबाईलवर दहा मिनिटं दाखवला. त्या म्हणाल्या, "एकटाच आहे ना? म्हणून जमतंय." पण दुसऱ्या दिवशी एकीने पर्समधला आरसा काढून मला बेसिनखालचा पाइप दाखवला. गळत होता.

हेडफोन

'द झोन ऑफ इंटरेस्ट' मी आधी मोबाईलवर पाहिला, लोकलमध्ये, आवाज कमी करून. सुरुवातीला बराच वेळ पडदा काळाच, मला वाटलं नेट गेलं. मग एक जर्मन कुटुंब, बाग, पोहण्याचा हौद, बाईसाहेबांची फुलझाडं. चाळीस मिनिटांनी बंद केला. काही घडतच नाही, म्हटलं.

मग कळलं की याला ध्वनीचं ऑस्कर मिळालंय. रात्री हेडफोन लावून परत पाहिला. बागेच्या भिंतीपलीकडे ऑशविट्झची छळछावणी आहे. ती दिसत नाही, ऐकू येते. लांबून भट्टीची घरघर, कुत्री, कोणीतरी ओरडलेलं, एक गोळी. इकडे बाई गुलाब दाखवतायत. मी लोकलमध्ये आवाज कमी करून त्या घरातल्यांसारखाच बसलो होतो, हे लक्षात आल्यावर त्या रात्री झोप लागली नाही.

कटिंग

'एफ वन'. खुर्ची हलली, मजा आली, आठ दिवसांनी शून्य. राहिलं एकच: मोबाईलच्या मेसेजमधलं मधलं बोट आपल्या सेन्सॉरने काढून तिथे मूठ बसवली, ती. प्रौढ माणसांनी बसून हे केलं असेल.

धागाकर्ता

सुपरवायझर, तुमचं वहीत उतरवून घेतलंय. दुसरी घंटा, तुम्हाला तीन दिवसांची सूट. आणि अकरा वेळा पोहे, नवऱ्याने चौथ्यांदा विचारलं तर कळवा.

बोंडं

उशीर झाला, पण आठ दिवस मोजत होतो. 'साबर बोंडं', म्हणजे निवडुंगाची फळं, आईबरोबर पाहिला, सप्टेंबर २०२५. रोहन कानवडेंचा. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाला पोहोचलेला पहिला मराठी कथापट आणि तिथलं परदेशी गटातलं सर्वोच्च पारितोषिकही घेऊन आला. वडील गेल्यावर मुंबईचा आनंद गावी दहा दिवसांचं सुतक पाळायला येतो. नातेवाईक लग्नाचं टुमणं लावतात आणि तिथे त्याचा बालपणीचा मित्र बाळ्या आहे. आईला मुलाचं सगळं माहीत आहे. तेही सिनेमा अगदी हळू आवाजात सांगतो.

मी मुद्दाम आईला नेलं होतं. कारण लिहीत नाही, समजून घ्या. ती थिएटरात गप्प, रिक्षात गप्प, घरी आल्यावर तांदूळ निवडायला बसली. मी सात दिवस तिच्या तोंडाकडे बघत होतो.

आठव्या दिवशी भाजी चिरता चिरता म्हणाली, "ती बोंडं आम्ही लहानपणी खायचो. वर बारीक कुसं असतात, दिसत नाहीत. मातीत घोळवून काढायची. मला माझा भाऊ काढून द्यायचा." मग थोडं थांबून, "तुला कोण देतं?"

मी नाव सांगितलं. ती म्हणाली, "रविवारी जेवायला बोलाव."