बीएसडी शिकायची तर सुरुवात ओपनबीएसडीनेच करा

नौपाडाकर:
परवा इथे एकाने विचारलं होतं, चार वर्षं लिनक्स वापरतोय, आता बीएसडी (लिनक्ससारखीच, युनिक्सच्या घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम) बघायचीय, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी की नेटबीएसडी? बहुतेकांनी फ्रीबीएसडी सांगितली. मला ते अजिबात पटलं नाही. तिन्हींचं मूळ कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठातलं. फ्री आणि नेट १९९३च्या, ओपन १९९५ साली नेटमधून फुटून निघाली. पण शिकायला ओपनच. इन्स्टॉलर साधे प्रश्न विचारतो, बऱ्याच ठिकाणी नुसतं एन्टर दाबायचं. एक्स विंडो (पडद्यावर खिडक्या दाखवणारी प्रणाली) मूळ संचातच येते. आणि मॅन पेजेस, म्हणजे सिस्टिमसोबतच येणारी माहितीची पानं! पीएफ हा तिचा फायरवॉल मी एकही व्हिडिओ न बघता, फक्त ती पानं वाचून लावली. लिनक्समध्ये उत्तर सापडलं तरी ते कुठल्या डिस्ट्रोचं (लिनक्सच्या कुठल्या प्रकाराचं) हे आधी बघावं लागतं. इथे कर्नल (सिस्टिमचा गाभा), कमांड आणि मॅन पेजेस एकाच प्रकल्पात, एकत्र तयार होतात.

ऐरोलीकर:
मॅन पेजेसचं मान्य. पण पावसाळ्यात लाइट जाते त्याचं काय? माझ्याकडे यूपीएस नाही. जुलैत ओपनबीएसडीवाला डेस्कटॉप दोनदा धाडकन बंद पडला. तिच्या फाइल सिस्टिमला जर्नल (बदलांची आधी करून ठेवलेली नोंद) नाही, त्यामुळे चालू केला की आधी एफएससीके, म्हणजे डिस्कची तपासणी. दुसऱ्या वेळी ते मध्येच थांबलं आणि मला हाताने चालवावं लागलं. नवखा माणूस तिथेच सोडून देईल. फ्रीबीएसडी टाकताना झेडएफएस ही फाइल सिस्टिम निवडा. ती जुन्या डेटावर लिहीतच नाही, नवीन जागी लिहिते, म्हणून लाइट गेली तरी आधीचं शाबूत राहतं. अपग्रेड फसलं तर मागच्या बूट एन्व्हायर्नमेंटवर (सिस्टिमच्या जपून ठेवलेल्या आधीच्या प्रतीवर) परत जाता येतं. शिकणाऱ्याला बिनधास्त मोडतोड करता आली पाहिजे.

नौपाडाकर:
विचारणाऱ्याकडे जुना लॅपटॉप आहे, त्याला बॅटरी असते. फ्रीबीएसडी १४ टाकून झाली की समोर नुसता प्रॉम्प्ट. झॉर्ग (म्हणजे एक्स विंडो), ग्राफिक्स ड्रायव्हर, सगळं आपणच घालायचं.

वाशी सेक्टर १७:
नेटबीएसडीची पॅकेजसोर्स (pkgsrc) ही सॉफ्टवेअर बसवायची प्रणाली लिनक्सवरही चालते. काहीही न पुसता तिथून सुरुवात करता येईल.

घोडबंदरवाला:
परवा विचारणारा मीच, लॅपटॉप माझाच. काल रात्री ओपनबीएसडी टाकली. वायफाय दिसेना, कारण परवान्यामुळे त्याचं फर्मवेअर (वायफाय चिपमध्ये भरायचं सॉफ्टवेअर) सोबत येत नाही. राउटर हॉलमध्ये, म्हणून लॅपटॉप उचलून तिथे नेला, केबल लावली, ते उतरवणारी fw_update ही कमांड चालवली आणि वायफाय लागलं. ब्लूटूथ हेडफोन मात्र सापडत नाही.

ऐरोलीकर:
सापडणारही नाही. ब्लूटूथचा कोड त्यांनी २०१४ सालीच काढून टाकला. रोजच्या वापराला फ्रीच बरी म्हणतो ते यासाठी.

नौपाडाकर:
वायरचा हेडफोन लावा. आज ‘मॅन आफ्टरबूट’ (man afterboot) हे एवढंच पान वाचा, पुढे काय काय तपासायचं ते त्यात ओळीने दिलंय.