'वर्किंग क्लास'ला मराठीत काय म्हणायचं?

धागाकर्ती: अमेरिकेतल्या वर्किंग क्लासला मान आणि संधी किती मिळते यावर एक लेख मराठीत करतेय. सगळीकडे 'कामगार वर्ग' लिहिलं की डोळ्यापुढे लालबाग-परळचा गिरणी कामगारच येतो, आणि लेखात तर ट्रक ड्रायव्हर आहेत, वेट्रेस आहे, इलेक्ट्रिशियन आहे. 'श्रमजीवी' भाषणातला वाटतो. शिवाय अप्रेंटिस आणि जर्नीमनवर अडलेय.

प्रतिसाद: 'कष्टकरी' घ्या, बिनधास्त. अंगमेहनतीवर पोट भरणारे सगळे त्यात बसतात, युनियनवाले असोत नाहीतर नसोत. ब्लू कॉलरचं 'निळी कॉलर' मात्र करू नका, कुणाला कळणार नाही. निळ्या जाड्याभरड्या शर्टावर मळ दिसत नाही म्हणून कामावर तोच घालायचे, त्यावरून साधारण 1920 च्या दशकात शब्द आला, एवढंच.

जर्नीमनचा प्रवासाशी काही संबंध नाही. फ्रेंचमधल्या दिवसाच्या शब्दावरून आलाय, दिवसाची मजुरी घेणारा तो जर्नीमन, म्हणजे मुळात आपला रोजंदारच. पण 'रोजंदार' लिहिलंत तर सगळा अर्थ उलटा होईल, कारण आपल्याकडे रोजंदारीवर म्हणजे आज काम आहे उद्याचं माहीत नाही, आणि तिकडे जर्नीमन इलेक्ट्रिशियन म्हणजे शिकून तयार झालेला माणूस, ज्याच्या हाताखाली पोरं शिकतात. युनियनच्या ट्रेनिंगमध्ये साधारण पाच वर्षं जातात, दिवसा साइटवर पाइप वाकवायचे, वायरी ओढायच्या, पॅनल जोडायचं, जोडीला वर्गात बसून नियमांचं पुस्तक घोकायचं, आणि पगार पहिल्या दिवसापासून, जर्नीमनच्या साधारण निम्म्या दरानं सुरू होऊन टप्प्याटप्प्यानं वाढत जाणारा. डोक्यावर कॉलेजचं कर्ज नाही. कष्टकऱ्याच्या मुलाला संधी म्हणतात ती ही! म्हणून मी 'पक्का मिस्त्री' लिहीन.

अप्रेंटिससाठी तर आपला 'उमेदवारी' शब्द आहेच. जुनी माणसं 'वकिलाकडे उमेदवारी केली' म्हणायची. फक्त 'शिकाऊ उमेदवार' लिहा, नुसतं उमेदवार वाचून लोकांना इलेक्शन आठवतं.

दुसरा प्रतिसाद: हे पटलं, पण अमेरिका बघून आलेल्या प्रत्येक काकांकडून ऐकलंय की तिकडे प्लंबरलाही काय मान असतो, स्वतःच्या गाडीतून येतो. प्लंबरचं ठीक, वेट्रेसचं काय? टिप घेणाऱ्यांना मालकानं द्यायचा केंद्राचा किमान दर ताशी 2.13 डॉलर, 1991 पासून तोच. टिप धरून ताशी 7.25 डॉलर, म्हणजे केंद्राचा सर्वसाधारण किमान दर, भरला नाही तर फरक मालकानं द्यायचा असा कायदा आहे, पण ते 7.25 सुद्धा 2009 पासून जागचे हललेले नाहीत. बऱ्याच राज्यांनी आपले दर वाढवलेत, सगळ्यांनी नाही. आणि युनियन करायचा हक्क देणारा 1935 चा कायदा, त्यातून शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बाया बाहेरच ठेवल्या होत्या. लेखात नुसतं 'मान आहे' लिहू नका प्लीज.

पहिला प्रतिसाद: अगदी बरोबर, आणि मानाचं बोलायचं तर अमेरिकेच्या दक्षिणेतलं मेम्फिस शहर घ्याच लेखात. 1 फेब्रुवारी 1968 ला एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार पावसात कचऱ्याच्या ट्रकच्या मागच्या भागात आडोशाला बसले होते, दाबयंत्र अचानक सुरू झालं आणि दोघं चिरडून मेले. 12 तारखेला सुमारे 1300 कामगार संपावर गेले, जवळजवळ सगळे काळे. त्यांच्या हातातल्या पाट्यांवर 'आय ॲम अ मॅन'. आपण 'मी माणूस आहे' लिहितो, चूक नाही, पण दक्षिणेत पन्नाशीच्या काळ्या माणसालाही गोरे 'बॉय' म्हणून हाक मारायचे, त्याला ते उत्तर होतं. 'ए पोऱ्या म्हणायचं नाही, बाप्या माणूस आहे मी' ही चीड त्यात आहे, ती मराठीत यायला हवी, एक ओळ जास्त लागली तरी चालेल. मार्टिन ल्यूथर किंग याच संपासाठी मेम्फिसला आले होते, 4 एप्रिलला तिथेच त्यांचा खून झाला. 16 तारखेला संप मिटला, युनियनला मान्यता आणि पगारवाढ, दोन्ही मिळालं.

धागाकर्ती: घेते. टिपला 'बक्षिशी' चालेल?

दुसरा प्रतिसाद: नको. बक्षिशी म्हणजे खूश होऊन वर दिलेलं, इथे त्या बाईचा निम्म्याहून जास्त पगारच टिपमधून निघतो. टिपच लिहा, आणि पहिल्यांदा येईल तिथे ताशी 2.13 चा आकडा द्या.