मदत हवी आहे: रेणुसूत्रात कंस कधी द्यायचा? आणि फेरस-फेरिक ओळखायचं कसं?

शाईची_दौत:
नववीचा संयुजेचा (अणूच्या जोडले जाण्याच्या क्षमतेचा) भाग चालू आहे. तिरकस गुणाकार (एकाची संयुजा दुसऱ्याच्या खाली लिहिणं) समजलाय, तरी ही उत्तरं चूक ठरली:
मॅग्नेशिअम ऑक्साइड: मॅग्नेशिअम २, ऑक्सिजन २.
मॅग्नेशिअम हायड्रॉक्साइड: कंस न देता शेवटी २.
कॅल्शिअम क्लोराइडचं नाव ‘कॅल्शिअम डायक्लोराइड’.
शिवाय लोहाच्या ऑक्साइडचं सूत्र दिलं तर फेरस की फेरिक, हे कसं ठरवायचं? (फोनवर मराठी कळफलक आहे, म्हणून संज्ञांऐवजी नावंच लिहितेय.)

परीक्षानळी:
तिरकस गुणाकार हा शॉर्टकट आहे, नियम नाही. नियम एकच: धन आणि ऋण प्रभारांची बेरीज शून्य यायला हवी. मॅग्नेशिअम +२, ऑक्साइड −२. एकास एक घेतले की शून्य झालं, काम संपलं. तिरकस केल्यावर २ आणि २ आले, तर दोघांना २ ने भागायचं राहिलं होतं.

संयुजा वेगवेगळ्या असतील तिथे लसावि काढा. अ‍ॅल्युमिनिअम सल्फेट: +३ आणि −२, लसावि ६. म्हणजे अ‍ॅल्युमिनिअम २, सल्फेट ३. पडताळा: २ × ३ = ६ धन, ३ × २ = ६ ऋण. हा पडताळा पेन्सिलीने बाजूला लिहायची सवय लावा, निम्म्या चुका तिथेच सापडतात.

कंसासाठी दोन अटी, आणि दोन्ही एकदम पूर्ण व्हायला हव्यात: मूलकात (प्रभार असलेला अणू किंवा अणुगट) एकापेक्षा जास्त अणू हवेत आणि ते मूलक एकापेक्षा जास्त वेळा लागायला हवं. सोडिअम हायड्रॉक्साइडमध्ये हायड्रॉक्साइड एकदाच येतं, तिथे कंस नको. मॅग्नेशिअमला दोन लागतात. कंस सोडला तर शेवटचा २ फक्त हायड्रोजनला लागतो आणि ऑक्सिजन एकच उरतो, म्हणून उत्तर चूक. मॅग्नेशिअम क्लोराइडमध्येही २ आहे, पण क्लोरीन एकटा अणू, त्याला कंस नाही.

निळा_लिटमस:
नावांचं मी सांगतो. डाय, ट्राय हे उपसर्ग कार्बन डायऑक्साइडसारख्या सहसंयुज (इलेक्ट्रॉन वाटून घेऊन जुळणाऱ्या) संयुगांसाठी. आयनिक (आयन म्हणजे प्रभारित कण, त्यांच्या) संयुगात प्रमाण प्रभारावरूनच ठरतं, म्हणून नुसतं ‘कॅल्शिअम क्लोराइड’. पोटॅशिअम डायक्रोमेट पाहून गोंधळू नका, तिथला ‘डाय’ हा त्या आयनाच्याच नावाचा भाग आहे (त्यात क्रोमिअमचे दोन अणू असतात).

शेवट ‘आइड’ असेल तर बहुधा एकाच मूलद्रव्याचा ऋण आयन. हायड्रॉक्साइड आणि सायनाइड हे नेहमीचे अपवाद. ‘एट’ आणि ‘आइट’ मध्ये बहुधा ऑक्सिजन असतो. सल्फेटमध्ये ४, सल्फाइटमध्ये ३; नायट्रेटमध्ये ३, नायट्राइटमध्ये २. प्रभार मात्र जोडीत बदलत नाही: सल्फेट-सल्फाइट दोन्ही −२, नायट्रेट-नायट्राइट दोन्ही −१. ‘एट’ म्हणजे इतके ऑक्सिजन असा हिशेब नाही, ते पाठच करावं लागतं. इलाज नाही.

फेरस (लोह +२) की फेरिक (लोह +३) ठरवायला सुरुवात ऋण आयनापासून करा, कारण त्याचा प्रभार ठरलेला असतो. लोह २, ऑक्सिजन ३ असेल तर ऑक्सिजनचे एकूण −६. ते दोन लोहांत वाटले की प्रत्येकी +३, म्हणजे फेरिक. तिरकस गुणाकार उलटा फिरवून ओळखायला जाऊ नका. शिसे १, ऑक्सिजन २ या सूत्रात तो शिशाला +२ देतो, खरं उत्तर +४ आहे.

आणि ‘इक’ म्हणजे ३ असंही धरू नका. ‘अस’ म्हणजे जोडीतला कमी प्रभार, ‘इक’ म्हणजे जास्त, एवढंच. तांब्यात क्युप्रस +१, क्युप्रिक +२. पुढच्या वर्गांत हेच कंसातल्या रोमन अंकाने लिहितात. तो अंक धातूचा प्रभार दाखवतो, अणूंची संख्या नाही.

शाईची_दौत:
खूप आभार दोघांचे. हे तपासाल का?
अमोनिअम फॉस्फेट: अमोनिअम कंसात ३, फॉस्फेट १.
फेरिक सल्फेट: लोह २, सल्फेट कंसात ३.
कॅल्शिअम बायकार्बोनेट: कॅल्शिअम १, बायकार्बोनेट कंसात २.
मर्क्युरस क्लोराइड: पारा १, क्लोरीन १.

परीक्षानळी:
पहिली तीन बरोबर. पहिल्यात कंस धन आयनाला दिलात ते छान, तिथेच बरेच जण विसरतात.

चौथ्यात पारा २, क्लोरीन २ हवं. मर्क्युरस आयनात पाऱ्याचे दोन अणू एकमेकांना जोडलेले असतात आणि त्या जोडीचा मिळून प्रभार +२. इथे २ ने भागायचं नाही, कारण भागलं तर आयनच मोडतो. सोडिअम पेरॉक्साइडचंही तसंच: सोडिअम २, ऑक्सिजन २, कारण ऑक्सिजनची जोडी मिळून −२. भागाकार आयनांच्या संख्येला लावायचा, आयनाच्या आतल्या अणूंना नाही.

निळा_लिटमस:
मोरचूद विचारलं तर कॉपर सल्फेटचं सूत्र, मग मध्ये टिंब, मग पाण्याचे ५ रेणू. तो ५ पाण्याच्या आधी मोठ्या आकारात लिहायचा, खाली लहान नाही.