टी-स्कोअर नेमका कोणाच्या तुलनेत?
ताई, म्हापशाच्या आपल्या 26 वर्षांच्या भाचीच्या डेक्सा (क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणारी तपासणी) अहवालात टी-स्कोअर, म्हणजे तरुण प्रौढांच्या सरासरीपासूनचा फरक, उणे 1.4 आला आणि पुढे ‘ऑस्टिओपेनिया’ (हाडांची घनता कमी असणे) छापलेले पाहून घरचे धास्तावले, असे आपण लिहिले आहे. ऑस्टिओपेनिया ठरवणाऱ्या उणे 1 आणि उणे 2.5 या सीमा जागतिक आरोग्य संघटनेच्या 1994 च्या अहवालातल्या असून त्या रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांसाठी आखलेल्या होत्या; शिवाय खुब्यासाठी सहसा ज्यांची सरासरी प्रमाण धरली जाते, त्या 20 ते 29 वयाच्या अमेरिकी गोऱ्या स्त्रिया आहेत. त्यात डेक्सा हाडाची जाडी मोजतच नाही, दर चौरस सेंटिमीटरमागे किती ग्रॅम खनिज आहे एवढेच सांगते, त्यामुळे लहान चणीच्या निरोगी मुलीचा आकडा आपोआप खाली उतरतो. चिनी स्त्रियांची सरासरी गोऱ्या स्त्रियांहून कमी असूनही त्यांच्यात खुब्याचे अस्थिभंग कमीच आढळतात. या वयात झेड-स्कोअर, म्हणजे आपल्याच वयाच्या लोकांशी केलेली तुलना, पाहावा. तो उणे 2 च्या वर असेल, तर घनता वयाच्या अपेक्षित मर्यादेत धरतात.

मात्र सगळा भार वंशावर टाकणेही मला पटत नाही, कारण ड जीवनसत्त्वाची कमतरता भारतात सर्रास आढळते. पावसाळा सोडल्यास गोव्यात उन्हाला तोटा नाही, पण ते अंगावर घेतो कोण? ड जीवनसत्त्वाची तपासणी मात्र डॉक्टरांना विचारून जरूर करून घ्यावी.