आयर्विनची पट्टी आणि आपलं झाकण

*बी २०४ काकू:* आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ४७ फूट झालंय म्हणे!! खरं का? आमचे हे गावाला गेलेत, गाडी खाली बेसमेंटला आहे 😟

*ए १०२ अण्णा:* काकू, आत्ताच पुलावरनं आलोय. पट्टीवर ३४ आहे. ४७ असतं तर दूध आणायला होडी लागली असती. कुणी सांगितलं?

*बी २०४ काकू:* सी ३०१ नी टाकलंय की वर.

*सी ३०१:* मी फक्त फॉरवर्ड केलंय. खाली ‘खात्री करा’ असंही लिहिलंय.

*ए १०२ अण्णा:* मग करायची होती की खात्री!

*बी १०३:* रस्त्यावरचं ड्रेनेजचं झाकण नाही. आज १२ दिवस झाले. फोटो टाकतोय.

*सेक्रेटरी:* सर्व सभासदांना नम्र विनंती, अफवा पसरवू नयेत. अधिकृत माहितीसाठी प्रभागाचा व्हॉट्सॲप ग्रुप पाहावा. 🙏

*बी २०४ काकू:* पाहिला की. सकाळपासून ११ मेसेज. ९ वाढदिवसाचे, १ फीत कापल्याचा, १ घरपट्टी भरा म्हणून. पाण्याबद्दल चकार शब्द नाही. विचारायला गेलं तर खाली येतं, ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात’.

*सी ४०२:* आधी सगळ्यांना लिहिता येत होतं काकू. लोकांनी गुड मॉर्निंगची फुलं टाकून टाकून वाट लावली, म्हणून बंद केलं. ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात, निम्म्यांनी नमस्कार केला तरी संपलं.

*सी ३०१:* हे मला उद्देशून आहे का?

*सी ४०२:* नाही ओ.

*बी १०३:* झाकण. फोटो.

*ए १०२ अण्णा:* माझं ऐका. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे सांगलीत लहान पोरालापण पाठ आहे. पण नुसता आकडा कळून काय उपयोग? किती फुटाला कुठल्या गल्लीत पाणी शिरतं, ते सांगा. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरवाल्यांना विचारा, त्यांना फूट-फूट माहितीय. रोज ७ ला सकाळी आणि संध्याकाळी फूट किती, कोयना धरणातनं किती क्युसेक पाणी सोडलं आणि आज कुणी सामान वर न्यायचं, एवढ्या तीन ओळी टाकल्या तर कुणी फॉरवर्ड कशाला वाचेल?

*सी ४०२:* 👍 आणि तक्रारीला नंबर द्या. आठवड्यातून एक तास ग्रुप खुला ठेवा, समोर उत्तर द्यायला माणूस बसवा.

*ए २०१ मास्तर:* ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांचं काय? २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या आईला रिक्षावरच्या भोंग्यानं कळलं, मोबाईलनं नव्हे. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीत प्रभाग समित्या आहेत, आपल्याकडे कायद्यात क्षेत्रसभा, म्हणजे भागातल्या मतदारांची सभासुद्धा आहे. माणसं समोर बसली पाहिजेत.

*सी ३०१:* मास्तर, मागच्या मीटिंगला आपण ६ जण होतो. त्यात दोघं भडंग खायला आलेले.

*ए १०२ अण्णा:* भडंग चांगलं होतं पण 😄

*सेक्रेटरी:* विषय निघालाच आहे तर, बेसमेंटमधल्या भंगार सायकली उचला. पाणी आलं तर सायकली तरंगणार. मेंटेनन्सही ज्यांचा राहिलाय त्यांना ठाऊक आहे.

*सी ३०१:* नाव घेऊन बोला. आमचा भरलाय, पावती आहे.

*सेक्रेटरी:* आपलं नाव कुठे घेतलंय ताई 🙏

*बी १०३:* फोटो तिसऱ्यांदा टाकतोय. काल शाळेची रिक्षा वितभर अंतरानं वाचली.

*ए २०१ मास्तर:* मग लेखी अर्ज करू. सह्या कोण देणार?

_(२ 👍)_

*बी २०४ काकू:* माझी घ्या. पण गाडी वर कोण काढून देतंय ते आधी सांगा.

*सी ४०२:* मी येतो काकू, चावी वॉचमनकडे ठेवा.

*सेक्रेटरी:* आनंदाची बातमी! झाकणाचा फोटो मी सकाळी ॲडमिनना खासगीत पाठवला होता. प्रभागाच्या ग्रुपवर आत्ताच आलंय: ‘तक्रारीची तत्काळ दखल, कर्मचाऱ्यांनी केली पाहणी’. सोबत फोटोही आहे.

*बी १०३:* कुठला फोटो?

*बी १०३:* साहेब, हा माझाच आहे. डाव्या कोपऱ्यात माझी चप्पल दिसतेय.